ताटावर घ्यायचं औषध लपवून कसं घेणार?

डॉक्टरताईंना नमस्कार. माझी लेक एकवीस वर्षांची आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून तिचं पोट दुखायचं. जंताचं औषध झालं, पित्ताचं झालं, अपेंडिक्स काढून झालं, दृष्ट काढून झाली. दोन वर्षांखाली एका डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन करायला लावला, तेव्हा स्वादुपिंडात खडे असल्याचं कळलं. शुगरही २८० निघाली. तेव्हापासून इन्सुलिन आणि जेवणासोबतच्या कॅप्सूल चालू होत्या. अंगी लागायला लागलं होतं. पण दिवाळीत भाच्याने मोबाइलवर वाचून सांगितलं, की या कॅप्सूल डुकरापासून करतात. आमचं घर माळकरी, यांची वारी कधी चुकलेली नाही. हे काहीच बोलले नाहीत, पण लेकीनेच कॅप्सूल बंद केल्या. वजन ४४ वरून ३८ किलोवर आलंय. सासूबाई म्हणतात तेल-तूप बंद करा, म्हणून नुसता वरणभात देते. शेजारचे विचारतात, हा तर दारुड्यांचा आजार, पोरीला कसा झाला? आता एक चांगलं स्थळ आलंय. दीर म्हणतात, आजाराचं बोलू नका, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. धाकटा तेरा वर्षांचा आहे, त्याचंही अधूनमधून पोट दुखतं, त्याची धास्ती वेगळीच. काय करू?
– एक आई, लातूर जिल्हा

ताई, नमस्कार.

स्थळाचं, शेजाऱ्यांचं, सगळ्याचं बोलू. पण तुम्ही ओझरतं लिहिलेलं वजन मला सगळ्यांत आधी दिसलं. ३८ किलो. हा आकडा थांबायला तयार नाही. ज्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या त्यांना याच आठवड्यात भेटा आणि सरळ सांगा, की दिवाळीपासून त्या बंद आहेत. ते रागावतील म्हणून मागे राहू नका. त्यांना हे माहीत नसेल तर ते इन्सुलिनचा डोस जुन्याच हिशेबाने चालू ठेवतील, आणि त्यात धोका आहे. कॅप्सूल नसल्या की खाल्लेलं नीट पचत नाही, रक्तात साखर कमी पोचते, मग तेवढंच इन्सुलिन जास्त होतं आणि शुगर एकदम खाली जाते. कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या की उलटं होतं, अन्न पचायला लागतं आणि शुगर चढते. म्हणून कॅप्सूल सुरू करायच्याच, पण पहिले काही दिवस घरी ग्लुकोमीटरवर शुगर बघत आणि डॉक्टरांना आकडे कळवत.

आता हा आजार काय आहे ते सांगते, कारण शेजाऱ्यांचं उत्तर त्यातच आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. ते इन्सुलिन रक्तात सोडतं आणि दिवसाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाचकरस एका नळीतून आतड्यात सोडतं. तुमच्या लेकीच्या त्या नळीत चुन्याचे खडे झालेत. रस तुंबतो आणि पोटात कळ येते, ती पाठीत जाते. पुढे वाकून, पोटाशी गुडघे घेऊन बसली की जरा बरं वाटत असेल तिला. वर्षानुवर्षं असं चाललं की ग्रंथी आतून कडक होत जाते. आधी पाचकरस आटतो, मग इन्सुलिन करणाऱ्या पेशी जातात. लहानपणी पोटदुखी, वयात येता-येता डायबेटिस आणि साध्या एक्स-रेतही दिसतील असे खडे, हे चित्र वैद्यकशास्त्राला चांगलं ओळखीचं आहे. १९५९ मध्ये झुइडेमा नावाच्या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या अशा रुग्णांबद्दल लिहिलं. पुढच्या दशकात केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण तपासले आणि हा आजार जगापुढे मांडला. त्याला ट्रॉपिकल कॅल्सिफिक पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. तुमच्या फाइलमध्ये कदाचित नुसतं ‘क्रॉनिक कॅल्सिफिक पॅन्क्रियाटायटिस’ लिहिलेलं असेल.

गीवर्गीस ज्या मुलांना तपासत होते त्यांतली बरीचशी भर तारुण्यात जात. हे मुद्दाम सांगतेय, कारण भाच्याच्या मोबाइलवर तेही कधीतरी येईल. तेव्हा मुलं हाडांचा सापळा होऊन दवाखान्यात यायची, ताकदीच्या पाचक कॅप्सूल नव्हत्या, खडे दुर्बिणीने काढता येत नव्हते. आज ही परिस्थिती राहिलेली नाही. औषध नीट चालू असलेले, शिकलेले, नोकरी करणारे, लेकराबाळांचे असे रुग्ण मी वर्षानुवर्षं बघतेय.

दारूचं म्हणाल, तर जगभर जुनाट स्वादुपिंडदाहाचं एक मोठं कारण दारू आहे हे खरं. म्हणून लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. पण आपल्या देशात, त्यातही दक्षिणेकडे, आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसांना आणि लहान मुलांना हा आजार होतो. स्वादुपिंडातले तिखट रस आतल्या आत कामाला लागू नयेत म्हणून शरीराने एक लगाम ठेवलाय. तो तयार करणाऱ्या ‘स्पिंक-वन’ नावाच्या जनुकातला बदल आपल्याकडच्या अशा बऱ्याच रुग्णांत सापडतो. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केलंय. तुमच्या लेकीने काही खाल्लं, काही केलं, म्हणून हे झालेलं नाही. तुम्ही तिच्या लहानपणी काही कमी केलंत म्हणूनही नाही. इतकी वर्षं जंत आणि पित्त यांतच फिरत राहिलात, तर तेही या आजारात नेहमीचं आहे. पोट दुखणाऱ्या मुलाचं स्वादुपिंड तपासावं हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

उद्या कुणी तुम्हाला साबुदाण्याचंही सांगेल. त्यामागे एक जुना तर्क आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, केरळात तो कंद पोटभर खाल्ला जायचा, म्हणून त्याच्यावर संशय होता. पण कसावा न खाणाऱ्या मुलखातही हा आजार सापडतो, आणि तो तर्क सिद्ध झालेला नाही. खिचडीचा दोष नाही. मात्र साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च. शुगर झटकन चढवतो, अंगी फार काही लावत नाही. म्हणून तिच्या ताटात तो कमीच बरा.

आता कॅप्सूलकडे येते.

भाच्याने वाचलेलं खरं आहे. या कॅप्सूलमधलं पॅन्क्रियाटिन, म्हणजे पाचकरसांचं मिश्रण, डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. हे औषध देताना डॉक्टरांनीच सांगायला हवं होतं असं मला वाटतं. माणसाला असं तिसऱ्याच्या मोबाइलवरून कळलं की फसवल्यासारखं वाटतं आणि औषधावरचा भरवसाच उडतो. तुम्हाला शाकाहारी पर्याय हवा असेल तर तेही सांगते. दुकानात पचनाची जी सिरपं आणि गोळ्या मिळतात, त्यांत पपईपासूनचं पपेन असतं, बुरशीपासून केलेलं डायस्टेज असतं. ती साध्या अपचनाला ठीक. चरबी पचवणारं लायपेज तुमच्या लेकीला लागतं तेवढं त्यांत नसतं. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज लागतं, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. एवढी ताकद आज डॉक्टर भरवशाने देऊ शकतात ती याच कॅप्सूलमध्ये.

घरातल्या मोठ्यांना आणखी एक माहिती द्या. १९८० च्या दशकात मानवी इन्सुलिन येईपर्यंत जगातला इन्सुलिन घेणारा जवळपास प्रत्येक डायबेटिसचा रुग्ण गाई-बैलांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन टोचून घेत होता, आणि त्यात कितीतरी माळकरी होते. डायलिसिसच्या वेळी, अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन आजही बहुतेक डुकराच्या आतड्यापासून येतं. हे सगळं आपापल्या श्रद्धेने जगणाऱ्या माणसांनी जिवासाठी घेतलंय. आपद्धर्म आपल्या परंपरेला ठाऊक नाही असं नाही. पण माळेच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा नाही. यजमानांनी ज्यांच्या हातून माळ घेतली, त्यांच्या फडाचे जे महाराज असतील, त्यांना जाऊन विचारू द्या. मात्र त्यांना पूर्ण सांगायला हवं. लेकीचं वजन ३८ किलो आहे, हे औषध नसेल तर अन्न अंगी लागत नाही, आणि याच्या ताकदीचं दुसरं औषध नाही. अर्धवट सांगून घेतलेल्या उत्तराचा उपयोग होत नाही.

तुम्ही लिहिलंय, हे काहीच बोलले नाहीत. मला वाटतं लेकीने कॅप्सूल त्या गप्प बसण्यामुळे बंद केल्या. वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून तिने ठरवलं असणार. वडील कदाचित मनातून म्हणत असतील की पोरीने घ्यावं, पण स्वतःच्या तोंडून कसं सांगू. आणि पोरगी वाट बघत असेल की बाबा एकदा तोंडाने म्हणू देत. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांनी तिला जवळ बसवून, ‘घे बाळा, माझी काही हरकत नाही’ एवढं म्हटलं, तर ते माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा जास्त कामी येईल. त्यानंतरही घ्यायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. ती सज्ञान आहे, शरीर तिचं आहे. फक्त तिचा निर्णय कुणाच्या न बोलण्यातून झालेला नसावा.

कॅप्सूल घ्यायची रीतही सांगते, कारण पुष्कळ लोक महागाची कॅप्सूल घेऊन वाया घालवतात. ही उपाशीपोटी घ्यायची नसते, जेवण झाल्यावर तासाने तर नाहीच. ती अन्नाबरोबर आतड्यात पोचायला हवी. पहिल्या घासाबरोबर एक, दोन असतील तर दुसरी निम्म्या जेवणात. चहाबरोबर नुसतं बिस्किट खाल्लं तर कदाचित लागणार नाही, पण दूध, शेंगदाण्याचा लाडू, भजी, पोहे असं काही खाल्लं की लागणार. कॅप्सूल चावायची नाही. आतले बारीक दाणे फुटले की ते जठरातल्या आम्लाने निकामी होतात, तोंडही सोलतं. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात मिसळून लगेच गिळायचे, वर पाणी. गरम वरणावर, गरम भातावर टाकायचे नाहीत. आणि तुमच्याकडचा उन्हाळा! पत्र्याच्या खोलीत, गॅसच्या ओट्यावर, स्कूटीच्या डिक्कीत ठेवलेल्या कॅप्सूलचा जोर उतरतो. या २५ अंशांच्या आत ठेवायच्या असतात, म्हणून घरातली सगळ्यांत गार आणि कोरडी जागा निवडा. मे महिन्यात ती जागा कोणती, हे औषध दुकानदाराला विचारून ठरवा.

डोस पुरतोय की नाही हे संडासावरून कळतं. यात लाजू नका. शौच तेलकट, फिकट, फार वासाचं असेल, पाण्यावर तरंगत असेल, दोनदा पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहत असेल, तर तेल-तूप न पचता बाहेर जातंय. डॉक्टरांना हे सांगा. ते डोस वाढवतील किंवा आम्ल कमी करणारी गोळी जोडून देतील, म्हणजे कॅप्सूलला काम करता येईल. खात्री करायची असेल तर शौचाची ‘फीकल इलास्टेज’ नावाची तपासणी असते. २०० च्या खाली आलं तर पाचकरस कमी पडतोय असं समजतात.

तेल-तूप बंद करण्याचा सासूबाईंचा सल्ला त्यांच्या काळात डॉक्टरच द्यायचे, त्यांना दोष देऊ नका. पण आता तो बदललाय. कॅप्सूल असतील तर तिने तेल-तूप खायचं. नुसत्या वरणभाताने शुगर वाढते आणि अंगावर काही चढत नाही. वरणावर तुपाची धार, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, पनीर, मोड आलेली मटकी, दूध हे सगळं चालेल. दोन मोठ्या जेवणांपेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. एक पथ्य मात्र लोकांना उलटं वाटतं. वजन कमी असलेल्या या रुग्णाने कोंडा, इसबगोल, ढीगभर कच्च्या कोशिंबिरी यांच्या मागे लागू नये. जास्तीचा चोथा पोट लवकर भरतो आणि कॅप्सूलच्या कामात आडवा येतो.

चरबी पचली नाही की तिच्यात विरघळणारी अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही शरीरात शिरत नाहीत. रात्री कमी दिसतं का, हाडं दुखतात का, जरा लागलं तरी काळंनिळं होतं का, हे तिला विचारा. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा होऊ द्या. एकवीस-बावीस हे हाड भरायचं वय आहे. आत्ता जे भरेल ते पुढची चाळीस वर्षं पुरवायचंय.

शुगरबद्दल थोडक्यात, पण हे घरातल्या प्रत्येकाने ऐकावं. हा डायबेटिस आजोबांच्या डायबेटिससारखा नाही. शुगर फार खाली गेली की ती वर ओढणारं ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक याच ग्रंथीत तयार होतं, आणि तिची ग्रंथीच आटलीय. त्यामुळे शुगर घसरली की सावरायला वेळ लागतो. घाम सुटला, हात थरथरले, ती विचित्र बोलायला लागली की विचारत बसायचं नाही, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर बघायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची. तिच्या कॉलेजच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी आणि एका मैत्रिणीला ही माहिती, दोन्ही हवं. आणि एकादशी. तुमच्या घरात हे बोलणं अवघड आहे ते जाणते. इन्सुलिन घेणाऱ्या ३८ किलोच्या मुलीने उपवास करू नये. आषाढीलासुद्धा नाही.

पोटदुखीचं पुढे काय? वयाबरोबर काहींची दुखी आपोआप कमी होते, पण त्या भरवशावर बसू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. मुख्य नळी किती मिलिमीटर रुंद झालीय, आणि खडे ग्रंथीच्या डोक्याकडे आहेत की शेपटीकडे. त्यावर पुढचं ठरतं. खडे डोक्याकडे आणि नळी फुगलेली असेल तर बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खड्यांचा चुरा करतात आणि दुर्बिणीतून नळी मोकळी करतात. तुमच्या भागातून लोक पोटासाठी तसेही हैदराबादला जातात, आणि स्वादुपिंडातले खडे असे फोडण्याचा तिथला अनुभव दांडगा आहे. मुंबई-पुण्यातही ही सोय आहे. नळी खूप रुंद किंवा डोक्याकडचा भाग सुजून मोठा झाला असेल तर शस्त्रक्रियेचं बोलणं होईल. त्यात नळी लांबवर उघडून आतड्याला जोडतात. ऑपरेशन म्हणजे शेवटची पाळी असा समज करून घेऊ नका. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की योग्य रुग्णांत लवकर केलेली शस्त्रक्रिया दुखी कमी करण्यात दुर्बिणीच्या उपचारांपेक्षा सरस ठरते. पण दोन्ही उपायांनी दुखी कमी होते, गेलेलं इन्सुलिन परत येत नाही. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असू द्या, नाहीतर ऑपरेशननंतर घरात निराशा पसरते.

दिल्लीच्या एम्समध्ये २००९ साली अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी अशा रुग्णांची दुखी कमी झाल्याचं दिसलं होतं. इंग्लंडमध्ये नंतर तसा फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या, पण त्यांच्यावर सगळा भार टाकू नका. गावातल्या दवाखान्यात दर कळेला ट्रामाडॉल या जोरदार वेदनाशामकाचं इंजेक्शन घ्यायची सवय मात्र लागू देऊ नका. त्याची ओढ लागते, आणि मग दुखतंय म्हणून सुई की सुईसाठी दुखतंय हे माणसालाही कळेनासं होतं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर बाहेर, तिच्यापासून लांब. तिने स्वतः तंबाखू, मिश्री यांना कधीच हात लावू नये. धुराने हा आजार लवकर पुढे सरकतो. कळ थांबतच नाही आणि उलट्या होतात, ताप येतो, डोळे पिवळे होतात, शौच डांबरासारखं काळं होतं, यांतलं काही झालं तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

एक राहिलं. निदानावर शिक्का मारण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासल्या गेल्या आहेत का ते फाइलमध्ये बघा. रक्तातलं कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड आणि आयजीजी-फोर. पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडून कॅल्शियम वाढलं तरी स्वादुपिंडात खडे होतात, आणि तिथे उपचार गळ्यातल्या ग्रंथीवर करायचा असतो. आयजीजी-फोर वाढवणारा एक विरळा स्वादुपिंडदाह शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गोंधळाने होतो आणि तो स्टेरॉइडने बराच आटोक्यात येतो. तुमच्या लेकीचं चित्र त्याच्याशी फारसं जुळत नाही, पण साध्या रक्ततपासणीने शंका फिटत असेल तर फेडून घ्यावी.

आता स्थळ. तुमच्या दिरांच्या मनात वाईट नाही, पुतणीचं चांगलं व्हावं असंच त्यांना वाटतंय. पण त्यांनी हा विचार केलेला दिसत नाही, की हा आजार लपवण्यासारखाच नाही. ब्लडप्रेशरची गोळी सकाळी आंघोळीच्या वेळी कुणाला न कळता घेता येते. तुमच्या लेकीचं औषध ताटावर आहे. नव्या घरी पंगतीला बसल्यावर पहिल्या घासाला ती पर्समधून कॅप्सूल काढणार, का सगळे उठल्यावर? इन्सुलिनची पेन कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार? सासूने हरतालिकेचा उपवास धर म्हटलं तर काय सांगणार? लपवायचं म्हणून कॅप्सूल टाळणाऱ्या, इन्सुलिन चुकवणाऱ्या आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षात वाळून, शुगर बेफाम होऊन दवाखान्यात आलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांच्या आजारात नवीन काही झालेलं नव्हतं. औषध घ्यायला घरात जागा उरली नव्हती. आणि मागाहून कळलं तर फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करून मागण्याची वाट हिंदू विवाह कायद्यात आहे. ती भांडणं मुलीच्या अंगावर येतात, ठरवणाऱ्या काकांच्या नाही.

तेव्हा सांगायचं. पण कसं आणि कधी, याला महत्त्व आहे. पहिल्याच फोनवर मध्यस्थाकडे नको, तो निरोप तिखटमीठ लावून पोचेल. मुलगा-मुलगी भेटली, दोघांना पसंत पडलं, की सुपारी फुटण्याआधी मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना समोर बसवून सांगा. शक्य असेल तर मुलीने स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसा. साधारण असं: ‘मला लहानपणापासून स्वादुपिंडाचा आजार आहे. तो संसर्गाचा नाही, दारूचा नाही. जेवताना मला कॅप्सूल लागतात, इन्सुलिन लागतं, उपवास करता येत नाहीत. औषध चालू असलं की मी सगळं करू शकते. तुम्हाला हवं तर माझ्या डॉक्टरांशी बोला.’ आवाज खाली घालू नका, माफी मागू नका. ते नाही म्हणाले तर वाईट वाटेल. पण ते घर तिच्यासाठी नव्हतं हे लग्नाआधी कळलेलं बरं.

त्याहीआधी तिला विचारा, तिला आत्ता लग्न करायचंय का. तुमच्या पूर्ण पत्रात ते कुठे आलेलं नाही. मला विचाराल तर आधी परीक्षा होऊ दे, वजन ४५ च्या वर जाऊ दे, शुगर सहा महिने ताब्यात राहू दे. चांगलं स्थळ असेल तर तेवढं थांबेल.

मुलाबाळांचं त्या घरून विचारलं जाईल. या आजारात बहुतेक मुलींना गर्भ राहतो आणि नीट तयारीने बाळंतपणही सुखरूप होतं. तयारी म्हणजे वजन भरलेलं, तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आणि दिवस राहण्याच्या आधीपासून डॉक्टरांचा सल्ला. बाळाला हा आजार होईल का, याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. स्पिंक-वनमधला तो बदल शंभरातल्या एक-दोन धडधाकट माणसांतही असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. आईकडून बदल आला म्हणजे आजार आलाच असं नाही. आनुवंशिक सल्लागाराकडे लग्नानंतर दोघांनी मिळून जावं, त्याआधी घाई नको.

राहिला धाकटा. काही घरांत हा आजार दोन भावंडांना होतो, त्यामुळे त्याच्या पोटदुखीकडे काणाडोळा करू नका, आणि लगेच धसकाही घेऊ नका. तेरा वर्षांच्या मुलाचं पोट दहा कारणांनी दुखतं. पोटाची सोनोग्राफी, उपाशीपोटीची शुगर आणि रक्तातलं लायपेज एवढं करून घ्या. लायपेज दुखत असताना तपासलं तर जास्त उपयोगाचं. डॉक्टरांना ‘याच्या बहिणीला स्वादुपिंडात खडे आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते नेमकं तिकडे बघतील. सगळं ठीक निघालं तर दर वर्षी त्याची उंची आणि वजन लिहून ठेवा, आणि कळ पाठीत जातेय असं तो म्हणाला तर पुन्हा दाखवा.

लेकीने कॅप्सूल सुरू केल्या की दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत मांडा. महिनाभराने ते आकडे मला कळवा.